सहीखालची तारीख

निवडणूक हरून बरीच वर्षं झाली, तरी पहाटे पाचला मला जाग येते. दाढी, अंघोळ, पांढरे कपडे असं सगळं उरकून मी सहाला ओसरीवर येऊन बसतो. कोणी येणार नसतं. मी दोन-तीनदा उठतो, फाटकापर्यंत जातो, रस्त्याकडं बघतो आणि परत येतो. बायको म्हणते, "अहो, बसा की एका जागी." मला बसता येत नाही. दहा वर्षं रोज सकाळी या ओसरीवर माणसं कागद घेऊन उभी असायची. त्यातल्या निम्म्यांना मी फसवलं. ते कसं, हे सांगायचं बरेच दिवस मनात होतं. संपादकांनी सभागृहातल्या आठवणी मागितल्या आहेत. पण सभागृहात माझी भाषणं मोजून तीन गाजली आणि तीही आमच्याच तालुक्यात. म्हणून आठवण देतो ती माझ्या ओसरीवरची.

मी मूळचा मास्तर. हसनाबादच्या शाळेत चौदा वर्षं मराठी शिकवलं. आमचा जालना जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या धामधुमीत काही मंडळींनी मला उभं केलं. विद्यार्थ्यांचे बाप मला ओळखत होते, त्या भांडवलावर मी निवडून आलो. पुढच्या खेपेलाही आलो. तिसऱ्या खेपेला लोकांनी मला घरी बसवलं.

आमदार काय करतो, असं मला अजून लोक विचारतात. त्यांना वाटतं तो कायदे करतो. करतो, पण त्याचा दिवस त्यात जात नाही. त्याचा दिवस पत्रं लिहिण्यात जातो. खरं सांगायचं तर आमदाराच्या स्वतःच्या हातात फार थोडं असतं. तो बदली करू शकत नाही, विजेची डीपी बसवू शकत नाही, एसटीला थांबा देऊ शकत नाही. ज्याच्या हातात ते आहे त्याला तो फक्त पत्र लिहू शकतो. 'अर्जदार माझ्या चांगल्या परिचयाचे असून त्यांच्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलं आहे, की आता वाण्याला सामानाची यादी लिहितानाही ते हाताशी येतं.

पत्र मागायला कोण येईल याचा नेम नसे. एका गावच्या म्हाताऱ्यानं मला त्याच्या मुलाच्या नावानं पत्र मागितलं. मुलगा पुण्याला कारखान्यात होता आणि वर्षभर त्याचा कागद नव्हता. म्हातारा म्हणाला, "तुमचा शिक्का मारून लिवा, की बापाला कागद टाकत जा." मी हसत हसत लिहून दिलं. चौथ्या दिवशी मुलगा घाबरून गावात हजर झाला. आमदारानं पत्र पाठवलंय म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार, असं त्याला वाटलं होतं. माझ्या साऱ्या कारकिर्दीत इतक्या लवकर कामाला आलेलं दुसरं पत्र मला आठवत नाही.

पण हे गमतीचं झालं. बाकीची पत्रं सरकारी कचेऱ्यांत जायची, आणि तिथं एक अडचण होती. एकाच जागेसाठी चार माणसं यायची. चौघांचंही मत आपल्याला पाहिजे. मग पत्र कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही?

ही अडचण मी पहिल्याच अधिवेशनात मुंबईला एका जुन्या आमदारांना सांगितली. ते आमदार निवासात माझ्या शेजारच्या खोलीत राहत. माणूस मनानं चांगला होता. दाढी करता करता ते म्हणाले, "गुरुजी, पत्र सगळ्यांना द्यायचं. नाही म्हणायचंच नाही. माणूस कागद खिशात घालून खुशीत घरी जातो. पण सगळीच पत्रं खरी धरली तर अधिकारी वेडा होईल. त्याला कुठंतरी खूण पाहिजे. माझी हिरव्या शाईची सही म्हणजे काम करायचं, निळी म्हणजे फाइलला लावायचं. तुम्ही तुमची खूण बघून घ्या."

मी जालन्याला परत आलो आणि पाच-सहा अधिकाऱ्यांना चहाला बोलावून माझी खूण सांगितली. सहीखाली मी हातानं तारीख टाकली असेल तर ते काम खरंच करायचं आहे. नुसती सही असेल तर पत्र आलं म्हणून पोच द्यायची आणि विसरून जायचं. हीच खूण मला कशी सुचली, हे तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं. पण ती चालली मात्र फार छान. ज्याला पत्र दिलं तो मला दुवा देत जायचा. काम झालं नाही तर शिव्या अधिकाऱ्याला बसायच्या. माझा जुना शाळासोबती गाडेकर माझं कार्यालय सांभाळायचा. तो अभिमानानं म्हणायचा, "आपल्या दारातून आजवर कोणी रिकाम्या हातानं गेलेलं नाही." ते खोटं नव्हतं. हात कोणाचाच रिकामा नसायचा.

माझ्या दुसऱ्या खेपेच्या मध्यावर मुमताज माझ्याकडं आली.

मुमताज शेख ही माझी हसनाबादची विद्यार्थिनी. घरात उर्दू बोलणारी मुलगी, पण निबंध असा लिहायची की मी तो दुसऱ्या वर्गात वाचून दाखवायचो. पुढं ती नर्स झाली आणि पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडं एका गावात आरोग्य उपकेंद्रावर लागली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून मला बोलावतात. तिचं लग्न परतूरला झालं होतं. नवरा रशीद तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. बायको जिल्ह्याच्या एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला, मधे दोन एसट्या आणि अख्खा दिवस. तरी दोघं दोन-तीन वर्षं तसं निभावून नेत होते. मग रशीद शिडीवरून पडला आणि त्याची डावी बाजू गेली.

"सर, मला परतूरकडं कुठंबी द्या," ती म्हणाली. "उपकेंद्र लहान असू द्या, रस्ता नसलेलं असू द्या. संध्याकाळी घरी पोचता आलं म्हणजे बस."

मी विचारलं, "त्यालाच इकडं आणता येणार नाही का?"

"महिन्यातून दोनदा जालन्याला दवाखान्यात न्यावं लागतं. परतूरवरून रेल्वे आहे, झोपवून नेता येतं. आमच्या गावाला पावसाळ्यात एसटीसुद्धा येत न्हाई. आता नणंद बघून राह्यली त्यांना, पण तिचं लग्न ठरलंय."

मी तिच्यासमोर पत्र लिहिलं. सही करायची ठेवली आणि म्हणालो, संध्याकाळी गाडेकरकडून घेऊन जा. दुपारचं कोणी भेटायला यायचं होतं, एवढंच कारण. पण त्या दुपारी एक ट्रॅक्टर माझ्या दारात येऊन उभा राहिला. ट्रॉलीत पंचवीस-तीस बायका होत्या आणि पुढं मुमताजच्या गावचे सरपंच कडूबा.

कडूबा म्हणजे धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. कपाशीची भली शेती आणि गावात शब्दाला वजन. त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"आमदारसाहेब, नर्सबाई बदली मागून राह्यली असं आम्ही ऐकलं. ती गेली तं आमच्या गावाचं अवघड होतं. ती यायच्या आधी आमच्या गावात बाळंतपणात बाया मेल्यात. ती आल्यापासून एकबी न्हाई. ह्यातल्या बऱ्याच बाया तिच्याच हातून बाळंत झाल्यात."

ट्रॉलीतल्या बायकांमध्ये कडूबांची सून सिंधू होती. नवीनच लग्न झालेलं. ती म्हणाली, "बाई चांगल्या आहेत म्हनून तर आम्हाला पाहिजेत. त्यांचं वाईट व्हावं असं न्हाई."

मी त्यांच्यासाठीही पत्र लिहिलं. 'सदर परिचारिकेची बदली करण्यात येऊ नये.' एकाच दिवशी, एकाच टेबलावर, त्याच माणसाबद्दल दोन पत्रं. गाडेकरनं दोन्ही सहीसाठी माझ्यापुढं शेजारी शेजारी ठेवली.

त्या गावानं मला जवळजवळ एकगठ्ठा मतं दिली होती. मुमताजच्या घरची मतं परतूरला होती, माझ्या मतदारसंघाबाहेर. हा हिशेब मी केला का? केला. फार वेळ लागला नाही. मी दोन्ही पत्रांवर सही केली आणि कडूबांच्या पत्रावर सहीखाली तारीख टाकली.

पुढं वर्षभरात मुमताज आणखी दोनदा आली. दर वेळी मी तिला बसवून चहा दिला, रशीदची चौकशी केली, "प्रयत्न चालू आहेत" म्हणालो आणि पत्र दिलं. दर वेळी नुसती सही. आता आठवलं की मी खुर्चीतून उठतो. तेव्हा उठलो नव्हतो.

तिसऱ्या पत्रानंतर काही महिन्यांनी ती आली ती वेळ दुपारची होती. गर्दी ओसरली होती, ओसरीवर दोन-चार माणसं उरली होती. तिनं गाडेकरला सांगितलं, मला सरांशी आत बोलायचंय. आत आली, उभीच राहिली. मी म्हणालो, "बस. रशीद कसा आहे?"

"भाजले," ती म्हणाली. "नणंद सासरी गेल्ती. शेजारची बाई येऊन डबा देऊन जायची. त्या दिवशी ती आली न्हाई. त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवायला बघितलं. चांगला हात होता तोच भाजला."

मी काहीतरी बोलायला लागलो. तिनं पिशवीतून कागद काढले आणि माझ्यापुढं टेबलावर मांडले. कचेरीत पत्र देण्याआधी काढून ठेवलेल्या झेरॉक्स. तीन पत्रं तिची. चार पत्रं दुसऱ्यांची. एक शिक्षकाचं, एक ग्रामसेवकाचं, दोन तिच्यासारख्या नर्सेसची. कोणाकोणाकडून मागून आणलेली.

"ह्या चौघांची कामं झाली," ती म्हणाली. "ह्या चौघांच्या पत्रावर तुमच्या सहीखाली तारीख आहे. माझ्या तिन्ही पत्रांवर न्हाई."

"तसं काही नसतं, मुमताज. घाईत राहून जातं."

"सर, तुम्ही शाळेत वह्या तपासायचे. वही खरंच वाचली असली तर सहीखाली तारीख टाकायचे. नुसती चाळली असली तर नुसती सही. पूर्ण वर्गाला माहीत होतं ते. आम्ही वही मिळाली की आधी तारीख बघायचो."

मला ते माहीत नव्हतं. म्हणजे हाताची सवय माहीत होती, पण मुलांनी ती ओळखली असेल असं कधी वाटलं नव्हतं. अधिकाऱ्यांना चहा पाजून मी जी खूण सांगितली होती, ती माझ्या नकळत शाळेतून माझ्या हातात आली होती. चौदा वर्षांची.

"माझी वही तुम्ही वाचलीच न्हाई, सर," ती म्हणाली.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिला सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, बायका, कडूबांचं पत्र. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गावाला मी पाहिजे होते, ते मला समजतं. तुम्ही मला त्याच दिवशी तोंडावर न्हाई म्हणले असते, तर मी नोकरी सोडली असती. परतूरला जाऊन कुठं खाजगी दवाखान्यात लागले असते. तुम्ही होईल म्हणले, म्हणून मी वर्षभर थांबले. पत्र होतं ना हातात."

ती कागद गोळा करायला लागली. मी म्हणालो, "हे तू कोणाला..."

"कुणाला बिलकुल सांगणार न्हाई," ती म्हणाली. "पण तुम्ही हे बंद करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप काढली आणि त्या गावी गेलो. गाडेकर सोबत होता. रस्ताभर तो मला समजावत होता, की बदली करायची तर गुपचूप करा, गावात सांगायची गरज काय? मला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. मारुतीच्या पारावर माणसं जमली. मी उभा राहून सांगितलं, की तुमच्या नर्सबाईंची बदली वर्षभर मी अडवली. तिला होईल म्हणून सांगत राहिलो आणि आतून अडवली. तिचा नवरा एकटा घरात भाजला. आता मी तिची बदली करून देणार आहे. तुमच्या गावाला दुसरी नर्स मिळावी म्हणून मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन.

 मग कडूबा उठले.

"तुम्ही आमच्यासाठीच केल्तं ना?"

"हो."

"मंग आता आमच्या इरोधात का करून राह्यले?"

"आधी केलं ते चूक होतं."

"चूक असंल. पण आमच्या बायांचं काय, ते सांगा. दुसरी नर्स कधी येनार?"

मी म्हणालो, "लवकरच."

हा शब्द तोंडातून निघाला आणि मला कळलं, की मी आणखी एक बिनतारखेची सही केली आहे. कडूबांनाही ते कळलं असावं. ते खाली बसले. सिंधू लांब, देवळाच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला दिवस गेलेले होते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

बदली पंधरा दिवसांत झाली. मी स्वतः जिल्हा परिषदेत जाऊन बसलो, हुकूम निघेपर्यंत उठलो नाही. मुमताज परतूरजवळच्या उपकेंद्रावर रुजू झाली. त्या गावची जागा मात्र रिकामी राहिली. रिकामी जागा भरणं हे बदलीपेक्षा कितीतरी अवघड काम. त्याला मुंबईची मंजुरी लागते, यादी लागते, यादीतलं माणूस तिथं जायला तयार लागतं. रस्ता नसलेल्या गावाला कोण तयार होणार?

इकडं मी तारखेची खूण बंद केली. अधिकाऱ्यांना तसं कळवलं. आठवड्याभरात एकांचा फोन आला.

"साहेब, आता आम्ही ओळखायचं कसं?"

"सगळी पत्रं खरी समजा."

"सगळी खरी म्हणजे एकही खरं नाही, साहेब," ते अगदी नम्रपणे म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. मग मी पत्रं देणंच कमी केलं. जे काम होण्यासारखं वाटेल, ज्याचा हक्क असेल, त्याला द्यायचं. बाकीच्यांना समोर बसवून नाही म्हणायचं. हे लिहायला सोपं आहे. पंधरा मैलांवरून आलेल्या माणसाला, त्यानं आणलेली पेरूंची पिशवी टेबलावर ठेवलेली असताना, नाही म्हणून बघा. पहिले काही महिने माझ्या तोंडून ते नीट निघायचंच नाही. मी इतका अडखळायचो की समोरच्याला वाटायचं, साहेबांना आणखी काहीतरी पाहिजे आहे. लोक म्हणायला लागले, आमदार माजला. गाडेकर म्हणाला, "तू आता आमदार राहिला नाहीस, परत मास्तर झालास. आणि मास्तरला कोणी मत देत नाही."

हिवाळा संपत आला होता तेव्हा कडूबा एकटे माझ्याकडं आले. सकाळची गर्दी होती. त्यांना पाहून मी उठलो, आत नेलं. त्यांच्या हातात कागद नव्हता. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही.

"सिंधू बाळंत झाली," ते म्हणाले. "दोन दिवस अडली होती. जीपमधी घालून पिंपळगावला घेऊन चाल्लो होतो. सिंधू वाचली."

मी तो पेला हातातून खाली ठेवला.

"नात होती," कडूबा म्हणाले. त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. "तुम्हाला माहीत असावं म्हनून आलो. बाकी काही काम न्हाई."

ते उठून निघून गेले. बाहेर माणसं थांबली होती. मी त्यांच्यात जाऊन बसलो, पण कोण काय सांगत होतं ते मला कळत नव्हतं. सगळे कागद तसेच गाडेकरकडं दिले.

त्या अधिवेशनात मी नर्सेसच्या रिकाम्या जागांवर प्रश्न टाकला. सभागृहातले प्रश्न कसे असतात ते सांगतो. आपण लिहायचं, 'अमुक गावी परिचारिकेचे पद रिक्त असल्याने एका महिलेस वेळेवर मदत मिळाली नाही, हे खरे आहे काय?' त्याला छापील उत्तर येतं. माझ्या प्रश्नाला आलं, 'हे अंशतः खरे आहे. पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे.' मी उभा राहून विचारलं, यातला कोणता अंश खरा आहे? बाळ गेलं तो, की बाई वाचली तो?  मंत्र्यांनी माहिती घेऊन सांगतो म्हटलं आणि अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या. माझ्या गाजलेल्या तीन भाषणांतलं हे एक. त्यानं जागा भरली नाही.

मग मी दुसरा मार्ग धरला. दर मंगळवारी सकाळी जालन्याला जिल्हा परिषदेत जायचं आणि आरोग्य खात्याच्या दारातल्या बाकावर बसायचं. आत बोलावलं तरी जायचं नाही. बाकावर, बाकीच्या अर्जदारांबरोबर. पहिल्या मंगळवारी शिपाई घाबरून तीनदा चहा घेऊन आला. चौथ्या मंगळवारी माझ्याशेजारी बसलेल्या म्हातारीनं मला विचारलं, "तुमचं काय काम अडकलंय, बाबा?" मी म्हणालो, "एका गावाला नर्स पाहिजे." ती म्हणाली, "आमदाराचं पत्र आना की." मी म्हणालो, आणलं होतं.

अकरावा मंगळवार होता तेव्हा हुकूम निघाला. बीडकडची एक तरुण मुलगी त्या गावी रुजू झाली आणि टिकली. माझ्या कारकिर्दीत मी मनापासून अभिमान बाळगावा असं जे काही आहे, ते हे. आणि ते एका बाळासाठी उशिरा झालं.

पुढच्या वर्षी निवडणूक झाली. मी पडलो. त्या गावानं, ज्यानं मला एकगठ्ठा निवडून दिलं होतं, तितक्याच एकदिलानं मला पाडलं. त्यात मला चूक काही दिसत नाही.

ते गाव मी कित्येक वर्षं टाळलं. पिंपळगावला रेणुकादेवीच्या दर्शनाला जायचो आणि तिथूनच मागं फिरायचो. पुढं कडूबांच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेवर कडूबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'अवश्य यावे.' मी गेलो. रस्ता आता डांबरी झाला होता. तो माझ्या काळात झाला नाही.

जेवणावळी चालू होत्या. कडूबांनी मला बाजूला, ओट्यावर बसवलं.  मी नर्सबाईंची चौकशी केली.

"हाये, चांगली हाये," ते म्हणाले. मग म्हणाले, "मुमताजबाई बी आल्त्या ना मधी. तुम्हाला माहीत न्हाई?"

मला माहीत नव्हतं.

"सिंधूला दुसऱ्यांदा दिवस राह्यले तव्हा. परतूरला कोन्या तरी बाईकडून तिच्या कानावर गेल्तं पहिलं झालं ते. रजा काढून आली. रशीदला भावाकडं ठेवलं म्हने. नवी नर्स होतीच, पण पोरगी लहान, घाबरायची. दोघींनी मिळून केलं. आठ दिवस आमच्या घरी राह्यली. जाताना मी काही देऊ बघितलं तं घेतलं न्हाई. मी म्हनलं, बाई, तुम्ही कशाला एवढ्या लांबून आल्या? तं म्हनली, मी गेले तव्हा मला वाटलं होतं, माझ्या जागी कुणीतरी आलं असंल."

मला तिथं बसवेना. मी उठलो, तर कडूबांनी दंडाला धरून खाली बसवलं. "आमदारसाहेब, पुढच्या बारीला उभे राह्यले तं मत देता का म्हनून विचारू नका."

"विचारायला आलो नाही."

"मंग ठीक. जेवून जा."

एवढ्यात आतून सिंधू ताट घेऊन आली. मला ओळखलं, डोक्यावरचा पदर सारखा करून नमस्कार केला. तिच्यामागं एक मुलगी होती, नवा झगा घातलेली, हातात अर्धा लाडू. मी तिला जवळ बोलावून नाव विचारलं. तिनं सांगितलं. कितवं वर्ष, विचारलं. तिनं लाडू दुसऱ्या हातात घेतला आणि चार बोटं दाखवली.

"पाचवं लागलं," कडूबा म्हणाले.

मी मान हलवली. तिच्या मोठ्या बहिणीला आता कितवं लागलं असतं, हे मी मनात मोजलं. वर बघितलं तेव्हा कडूबांचे ओठ हलता हलता थांबले. तेही तेच मोजत होते.